अन्वयचे बाबा शिबिराला जातात

अन्वयचे बाबा तुमच्याही इमारतीत राहतात. तुमच्याकडे ते कबीरचे किंवा ईराचे बाबा असतील, एवढाच फरक. ‘उद्या मराठीची वही न्यायची आहे की परिसर अभ्यासाची?’ असं शाळेच्या ग्रुपवर रात्री अकराला विचारणारे ते हेच. स्नेहसंमेलनात पोराचं झाड (अन्वय झाड झाला होता, झाडाला संवाद नसतात) मोबाइलवर टिपायला पहिल्या रांगेपुढे उकिडवे बसून मागच्या तमाम आज्यांना आडवे येणारेही हेच. आणि ‘मुलांना पडू द्या, रडू द्या, त्यांचं त्यांना करू द्या’ हा मजकूर दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ढकलणारेही, देवाशपथ, हेच.

त्यांनी सात वर्षांच्या अन्वयला दोन रात्रींच्या शिबिराला पाठवायचं ठरवलं आणि आमच्या मजल्याची झोप उडाली.

शिबिर तसं साधंसुधं. नाताळच्या सुट्टीत, कामशेतच्या पुढे पवना धरणाच्या अंगाला, शुक्रवार सकाळ ते रविवार संध्याकाळ. एक दिवस बेडसे लेण्यांच्या पायऱ्या चढायच्या, दुसऱ्या दिवशी तिकोना, रात्री शेकोटी आणि आकाशदर्शन. आयोजकांनी पाठवलेली यादी जेमतेम अर्ध्या पानाची होती. सतरंजी, पांघरूण, दोन जोड कपडे, स्वेटर, कानटोपी, ताट-वाटी-पेला-चमचा, टॉर्च, पाण्याची बाटली. मोबाइल, पैसे आणि खाऊ आणू नये. सामानावर मुलाचं नाव घालावं.

अन्वयची आई बँकेत आहे. तिने यादी वाचली, पंधरा मिनिटांत सगळं काढून पलंगावर ठेवलं आणि ‘झालं’ म्हणून ती कुकर लावायला गेली. बाबांची नजर मात्र शेवटच्या ओळीवर अडकली ती अडकलीच.

त्यांनी लेबलं छापायचं मशीन मागवलं. पहिलं लेबल सतरंजीला लागलं. अन्वय मंदार, मग आडनाव, मग बी-७०४, मग दोन मोबाइल नंबर, मग रक्तगट.

“अय्या, तुमचं नाव मंदार होय?” मी म्हणाले.

इतक्या वर्षांचा शेजार, पण हे मला सतरंजीवरून कळलं. माझ्या फोनमध्ये ते ‘अन्वय बाबा’ आहेत. आमच्या यजमानांच्या फोनमध्ये ‘अन्वय बाबा पार्किंग’.

“सतरंजीला रक्तगट कशाला?”

“असू दे काकू. असावा.”

त्या दिवसापासून मशीन थांबलं नाही. टॉवेल, पंचा, टॉर्च, टॉर्चचे सेल, जादा सेल, ओडोमॉस, व्हॅसलीन, कंगवा. चड्ड्यांवर नुसतं नाव घालून भागेना, म्हणून वार आणि वेळ: ‘अन्वय शुक्र-सकाळ’, ‘अन्वय शनि-सकाळ’, आणि ‘अन्वय राखीव’ अशा तीन. मोज्यांवर ‘अन्वय डावा’ आणि ‘अन्वय उजवा’.

“अहो, मोज्यांना कुठे डावं-उजवं असतं?” मी म्हटलं.

“पण हे त्याला कुठे माहितीये?” ते म्हणाले. यावर काय बोलणार?

साबणाच्या वडीवर लेबल टिकेना. बाबांनी टूथपिक घेतली आणि वडीवर नाव कोरलं. दोन आंघोळींनंतर तिथे ‘अन्व’ एवढंच राहील हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनी वडीच्या दुसऱ्या बाजूलाही, जरा खोल, कोरलं.

लोकरीवर लेबल चिकटत नाही, हा पुढचा पेच. कानटोपी बिननावाची राहणार म्हणून बाबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. शेवटी अन्वयच्या आजी म्हणाल्या, “पूर्वी परीट बिब्ब्याने खूण करायचे. कपडा फाटायचा पण खूण जायची नाही.” झालं! बाबा मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर बिब्बे घेऊन आले. खरं तर एक बिब्बा आख्ख्या गावाच्या धुण्याला पुरतो. सुई तापवून बिब्ब्यात खुपसायची, सुईला आलेल्या तेलाने कपड्यावर ठिपके द्यायचे, वरून चुना लावायचा, की डाग काळा होऊन कायमचा बसतो. आजींनी हे सगळं सांगितलं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागू द्यायचं नसतं, हे सांगायच्या आत बाबांचा अंगठा त्यात बुडला होता. बिब्बा उतला. अंगठा टरारून फुगला आणि पुढचा आठवडाभर गृहस्थ लिफ्टचं बटण करंगळीने दाबत होते. कानटोपीवर मात्र ‘अ’ उमटला, टोपी विरली तरी जाणार नाही असा.

मग भांडी. घरातली ताटं चालणार नव्हती, कारण त्यांच्यावर आधीच नावं होती. एकावर आजींच्या लग्नातली, मामांकडून सप्रेम भेट. म्हणून तुळशीबागेत जाऊन नवं ताट, वाटी, पेला, चमचा घेतले आणि दुकानातल्या नाव घालणाऱ्यापुढे ठेवले. त्याच्या मशीनची सुई टर्र टर्र करत स्टीलवर ठिपके पाडते. तुमच्या घरातल्या निम्म्या भांड्यांवर हाच हात फिरलेला असणार. ताटावर पूर्ण नाव आलं. वाटीवर जागा कमी, म्हणून ‘अन्वय मं.’ आणि आडनाव. पेल्यावर आडनावाचंही पहिलंच अक्षर. चमच्याच्या दांड्यावर ‘अन्वय’ एवढंच मावलं. वस्तू लहान होत गेली तसतसे बाबा आक्रसत गेले आणि चमच्याशी येईपर्यंत उरलेच नाहीत. त्यांना त्याचं काही नव्हतं. “चमचाच जास्त हरवतो,” ते म्हणाले. “त्याचं नाव नीट यायला हवं.”

पालकसभेला मीही गेले होते. माझी भाची त्या शिबिरात ताई म्हणून जाणार होती. बाबा वही घेऊन पहिल्या रांगेत. शिबिर चालवणारा दाढीवाला दादा पंचविशीचा असेल-नसेल. बाबांनी विंचवापासून सुरुवात केली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, कोकणातले विंचूदंशाचे रुग्ण, प्राझोसिन हे मुळात रक्तदाबाचं औषध, त्याने वाचलेले जीव, २०२२ची पद्मश्री, हे सारं त्यांनी सभेला ऐकवलं आणि विचारलं, “तर ते प्राझोसिन जवळच्या दवाखान्यात आहे का?” मग साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चौकडी आणि तिच्यावरची प्रतिविषाची लस. मागच्या रांगेतल्या दोन आया उठून बाहेर जाऊन घरी फोन करू लागल्या.

दादाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. औषधांची चौकशी केलेली आहे, रात्रभर गाडी आणि ड्रायव्हर उभा असतो, एक डॉक्टर मुक्कामाला असतात. थंडीत साप-विंचू बहुतेक दडूनच असतात, तरी बूट झटकून घालायला पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. “आणि काका, मागच्या शिबिरात सगळ्यात मोठी दुखापत एका पालकांना झाली. न सांगता भेटायला आले आणि शेणावरून घसरले.”

सभा हसली. बाबांनी वहीत लिहून घेतलं: शेण.

त्यांचा अभ्यास इथेही थांबला नाही. मुलांच्या अशा शिबिरांचा उगम शोधत ते थेट १९०७ सालच्या ब्राउन्सी बेटावर पोचले. तिथे बेडन पॉवेल साहेबांनी वीसेक मुलांना तंबूत ठेवून पाहिलं आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. “पण काकू, त्या माणसाने मॅफेकिंगचा वेढा काढला होता. २१७ दिवस! त्याला अनुभव होता,” बाबा जिन्यात उभे राहून मला सांगत होते. आतून आजींचा आवाज आला, “ह्याचे वडील सेवा दलाच्या शिबिराला एक सतरंजी आणि एक तांब्या घेऊन जायचे.”

“तांब्यावर नाव होतं का?” बाबांनी लगेच विचारलं.

“होतं,” आजी म्हणाल्या. “त्यांच्या आजोबांचं.”

निघायच्या आधीच्या शनिवारी रंगीत तालीम झाली. हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं, सतरंजी अंथरली, दिवे मालवले. अन्वय शिबिरार्थी, बाबा हे दादा, ताई, डॉक्टर आणि प्रसंगी बिबट्या. पोरगं नऊ वाजता आडवं झालं ते सकाळपर्यंत हललं नाही. बाबा रात्रभर दर तासाला उठून टॉर्चने पांघरूण तपासत होते. पहाटे साडेपाचला त्यांनी जागं करायची शिट्टी फुंकली. अन्वय सोडून सगळी इमारत जागी झाली. सहाव्या मजल्यावरचे निवृत्त कर्नलसाहेब पायजम्यावर बाहेर येऊन ताठ उभे होते.

बुटाची नाडी ही एक भानगड राहिली होती. बाबांनी त्यासाठी यूट्यूबवरचे निरनिराळे व्हिडिओ जमवले होते आणि पार्किंगमध्ये अन्वयला पायरीवर बसवून ते एकेक दाखवत होते. अंगठ्याला पट्टी, त्यामुळे स्वतः करून दाखवायची सोय नाही. वॉचमनची मुलगी, चौथीतली असेल, बाजूला ठिक्कर खेळत होती. तिने थोडा वेळ पाहिलं, मग ठिकरी खिशात टाकून अन्वयच्या पायाशी येऊन बसली. एका नाडीचा कान केला, दुसरी त्याच्याभोवती फिरवून खालच्या भोकातून ओढून दाखवली आणि लगेच सोडून टाकली. “आता तू.” तो चुकला. तिने काही न बोलता पुन्हा सोडली. तिसऱ्या खेपेला कान सुटला नाही. ती उठून ठिक्कर खेळायला गेली. बाबांच्या हातातल्या मोबाइलवर एक गोरे गृहस्थ अजून सशाची आणि बिळाची गोष्ट सांगत होते.

शुक्रवारी पहाटे सॅकची चेन तुटली. मी दुसरी पिशवी घेऊन गेले आणि सामान हलवायला बसले. काय ती शिस्त! प्रत्येक जोड वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक पिशवीवर लेबल, पिशव्यांची पिशवी, तिच्यावर लेबल. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चपटी घडी हाताला लागली. मी उलटसुलट करून पाहिली. कोरी.

“अहो मंदार, ह्याच्यावर राहिलं की नाव!”

बाबांनी दाराकडे पाहिलं. अन्वय आजीकडून केस विंचरून घेत होता. “त्याच्यावर नको काकू,” ते हळूच म्हणाले. “मेणकापड आहे. अजून कधीतरी… रात्री… म्हणजे महिन्यातून एखाद्या वेळी. दादाशी बोललोय मी. तो रात्री स्वतः अंथरेल, पहाटे काढून ठेवेल. पण समजा कुणी पोराने पाहिलंच, तर ते कुणाचं आहे ते कळायला नको.”

मी ती घडी होती तशी तळाशी ठेवली. साबणाच्या वडीला दोन्ही बाजूंनी कोरणारा हा माणूस. मशीन आल्यापासून त्याची टवाळी करण्यात मी इमारतीत सगळ्यांच्या पुढे होते, आणि अजूनही मला वाटतं की चड्ड्यांवर वार घालणं हा आचरटपणा आहे. पण नाव कुठे घालायचं नाही, हे ज्याला कळतं त्याला पुरता वेडा म्हणवत नाही.

बस सुटताना मुलांनी खिडकीतून हात हलवले, ते एकमेकांना. बाहेर उभ्या आयाबापांकडे पाहायला कुणाला फुरसत नव्हती. बाबा मुलीची पाठवणी करावी तसे बसबरोबर चार पावलं चालले. मग थांबले आणि खिशातून लेबलांची उरलेली गुंडाळी काढून तिच्याकडे पाहत राहिले.

शनिवारी रात्री ग्रुपवर शेकोटीचा एक फोटो आला. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते. बाबांनी तो टीव्हीवर लावला आणि मोठा मोठा करत नेला. “टोपी आपली नाही!” ते ओरडले. “हा बघा, हा दुसराच पोरगा आपली टोपी घालून बसलाय. ‘अ’ दिसतोय!” अन्वयच्या डोक्यावर कुणाची तरी गुलाबी टोपी होती आणि तो तोंड उघडून आभाळाकडे बघत होता. मृग नक्षत्र वर आलं असणार.

“हसतोय तो,” अन्वयची आई म्हणाली. “बंद करा आता.”

“तू एवढा कसा रे घाबरट झालास?” आजी म्हणाल्या. “तुला आठव्या वर्षी स्वारगेटला एसटीत बसवून दिला होता मी एकट्याला. कंडक्टरला सांगितलं, वाईला उतरवा, मामा न्यायला येईल. गेलास की नाही नीट?”

“मी सुरूरला उतरलो होतो,” बाबा म्हणाले.

“काय?”

“वाईची पाटी दिसली म्हणून फाट्यावरच उतरलो. गाडी निघून गेली. तिथे रसाचं गुऱ्हाळ होतं, त्यांच्याकडे बसलो. खूप रडलो. नाव विचारलं तर मंदार एवढंच सांगता आलं. मामाचं आडनाव आठवेना. संध्याकाळी त्यांनीच दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. मामाला म्हटलं, गाडी पंक्चर झाली.”

आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?”

“तू परत पाठवलं नसतंस.”

रविवारी संध्याकाळी बस आली. तीन रात्री न झोपलेले डोळे घेऊन बाबा पुढे. उतरलेल्या पोराच्या अंगावर ‘राखीव’ चड्डीखेरीज (तीही शर्टावरून, तिकोन्याच्या उतारावर घसरगुंडी केल्यामुळे कंबरेला बांधलेली) स्वतःचं फारसं काही दिसत नव्हतं. गळ्यात पुठ्ठ्याचा बिल्ला: ‘खंड्या’. शिबिरात प्रत्येकाला एकेका पक्ष्याचं नाव दिलं होतं.

“अन्वय!” बाबांनी हाक मारली. पोरगं इकडेतिकडे बघेना. “अन्वय!” नाही. चमच्यावरून बाबा गेले होते. दोन दिवसांत लेकाचं नावही गेलं.

“खंड्या,” मागून भाचीने हळूच सांगितलं. बाबांनी घसा खाकरला, चार बाप आजूबाजूला उभे आहेत याची खात्री करून घेतली आणि तरीही ओरडले, “ए खंड्या!” तेव्हा तो पळत आला.

सामान उघडलं तर साबण सुका ठणठणीत, दोन्ही बाजूंची नावं शाबूत. टॉर्च दुसऱ्याचा. चमचा नाही. रात्री ग्रुपवर एका अनोळखी आईचा निरोप आला, फोटोसकट: “अन्वय डावा आमच्याकडे आला आहे. अन्वय उजवा कुणाकडे आहे?” बाबांनी तो निरोप मला, कर्नलसाहेबांना आणि सोसायटीच्या कमिटीला पाठवला. त्यांच्या मशीनचे पैसे वसूल झाले होते.

तळाची घडी मात्र पिशवीत नव्हती.

“ते कापड कुठेय रे?” बाबांनी शक्य तितक्या सहज विचारलं. अन्वयने आधी आईला आणि आजीला खोलीबाहेर जायला सांगितलं. मग म्हणाला, मला लागलंच नाही. टिटवीला लागलं. टिटवी रात्री रडत होती, म्हणून मी दादाला सांगून तिला दिलं. सकाळी आम्ही दोघांनी धुतलं आणि मी म्हटलं, तू ठेव.

“टिटवी म्हणजे कोण? आपल्या शाळेतलं आहे का?”

“नाही सांगणार. खंड्याने शपथ घेतलीये.”

हे मला बाबांनी दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सांगितलं. बटण अंगठ्याने दाबत. “रात्री फोटो पुन्हा लावला होता काकू. सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले आहेत. मोठं केलं की वाचता येतात.”

“मग? कळलं?”

“टिटवीच्या बिल्ल्यापर्यंत गेलो,” ते म्हणाले, “आणि टीव्ही बंद केला.” माझ्याकडे बघून ओशाळं हसले. “फोटो पण डिलीट केला. नाहीतर परत बघितलं असतं.”

सातवा मजला आला. मला त्यांचं कौतुक करायचं होतं, पण ते तोंडातून निघायच्या आत त्यांनी मे महिन्याच्या शिबिराचा विषय काढला. सात दिवसांचं आहे, फॉर्म भरलाय. मोज्यांवर या वेळी डावं-उजवं नाही, तसा निर्णय झाला आहे. टोपीला बिब्बाही नाही. चड्ड्यांचं मात्र अजून ठरत नाहीये, कारण सात वार, सकाळ-संध्याकाळ आणि राखीव असा हिशेब केला तर लेबलाची गुंडाळी पुरत नाही, आणि दुसरी मागवावी का, याबद्दल काकू, तुमचं काय मत आहे?